तू धरलेली उंच पट्टी

आई, आज मी बाजारात जाऊन हिरव्या बांगड्या भरून आले. रिक्षाने गेले, रिक्षाने आले, गुडघ्यांनी फारशी कुरकुर केली नाही. दुकानातल्या मुलीने विचारलं, आजी, कुणासाठी, नातीचं माप आणलंय का? मी म्हटलं, माझ्यासाठी, आणि माप मनगटाबरोबर आणलंय. तिने माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, मग मागे बसलेल्या आपल्या सासूकडे पाहिलं. सासूने मान खाली घातली आणि उगाच डबे आवरायला घेतले. सगळी हयात शाळा चालवण्यात गेलेली बाई मी. माझ्यासमोर अशा नेत्रपल्लव्या मला चालत नाहीत. मी हात पुढे केला आणि म्हटलं, उद्या आमचा सण आहे, भरणार आहेस की दुसरं दुकान बघू? तिने भरल्या. पण हात इतका सैल धरत होती की बांगडी अंगठ्यापाशी येऊन अडायची. शेवटी मीच तिला सांगितलं, बोटं ओढू नकोस, अंगठ्याखालचं हाड चेप, बांगडी आपोआप उतरते. हे मला कुणी शिकवलं ते तुला माहीत आहे.

हे पावसाळ्यात गेले. तुझा जावई म्हणून तुला त्यांचं फार कौतुक होतं, ते तू त्यांच्या तोंडावर कधी केलं नाहीस, ते बरंच केलंस. नाताळ मी कसाबसा उरकला. रात्रीची प्रार्थना मी अजून करते, तू लावलेल्या सवयीप्रमाणे, चटईवर बसता येत नाही म्हणून खुर्चीत. पण शेवटी ज्याने त्याने दिवसाचा एक उपकार सांगायचा, तिथे आले की मी ‘पुढं’ म्हणते आणि दिवा मालवते. घरात मी एकटी. पुढे कुणी नाही. तरी ‘पुढं’ म्हणते. हा शब्दही तुझाच.

गेल्या आठवड्यात आपल्या मंडळीचे नवे पाळक आले होते. पोरगेलेसे आहेत, नम्र आहेत, चहा बशीत ओतून पितात म्हणून मला आवडतात. म्हणाले, आजी, ईस्टरच्या पहाटेच्या फेरीला तुम्ही नाही आलात तरी चालेल, अंधार असतो, रस्ता खोदलाय, ऊन पडल्यावर आम्ही तुम्हाला गाडीतून नेऊन आणू. मी बरं म्हटलं. ते गेल्यावर बशी विसळताना माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात बसून पहाटेच्या फेरीविषयी बोलणारे पाळक मी आधीही पाहिले आहेत. फक्त ते पाळक तुला ‘या’ म्हणत होते, आणि तू ‘येत नाही’ म्हणत होतीस.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं, पण शेवटचं आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मी चौथीत होते. मिशनच्या आवारात आपली दोन खोल्यांची घरं, मध्ये कडुलिंब, टोकाला ख्रिस्ताचं कौलारू देऊळ आणि त्याला लागून शाळा. तू आणि बाबा दोघंही त्याच शाळेत शिकवायचात. शाळेत तू पुस्तकातलं मराठी बोलायचीस आणि उंबरा ओलांडून घरात आलीस की ‘लई’ आणि ‘न्हाय’ सुरू. मला वाटायचं, प्रत्येक आईला दोन भाषा येत असणार. बाबा मात्र दोन्हीकडे एकसारखेच बोलायचे, आणि बोलण्यापेक्षा जास्त गुणगुणायचे. त्यांची पेटी देवळात असायची, पण सूर त्यांच्या गळ्यातच होता. फेरी निघाली की पेटी नेता येत नाही. तेव्हा बाबा डोळे मिटून एकदा नुसतं ‘अं’ करायचे आणि त्या ‘अं’वर सगळी मंडळी गाणं उचलायची. तुझा आवाज सगळ्यांत मोठा, म्हणून पहिली ओळ तुझी. पण सूर बाबांचा. ईस्टरच्या पहाटे ते दारोदार बोटांनी टकटक करत जायचे आणि म्हणायचे, अहो, तो उठला आणि तुम्ही अजून झोपलेतच? दर वर्षी तोच विनोद. दर वर्षी आतून कुणीतरी झोपेतच हसायचं.

त्या वर्षी नाताळच्या आधी त्यांना मुदतीचा ताप आला. मोठा दवाखाना बार्शीला, हद्दीपलीकडे. गावात तेव्हा रझाकारांची भीती, हद्दीवर गोळीबाराच्या बातम्या, रस्ते कधी उघडे तर कधी बंद. बैलगाडीत गवत पसरून तू त्यांना घेऊन निघालीस आणि नाक्यावरून गाडी परत आली. मी दारात उभी होते. बैल दमलेले नव्हते, त्यावरूनच मला कळलं की गाडी फार लांब गेलेली नाही. त्यानंतर बाबा थोडेच दिवस होते. त्यांना पुरलं त्या दिवशी तू रडली नाहीस असं सगळे म्हणतात. मी तुझ्या शेजारीच उभी होते, मला आठवतं ते एवढंच की मंडळी गात होती आणि तुझं तोंड बंद होतं.

पुढे ते बंदच राहिलं. रविवारी देवळात तू सगळ्यांबरोबर उभी राहायचीस आणि गाणं संपेपर्यंत समोरच्या क्रुसाकडे बघत राहायचीस, रागावलेल्या माणसाकडे बघावं तशी. शाळेत सकाळची प्रार्थना आम्ही गायचो. तू ती म्हणून घ्यायला लागलीस, पाढ्यांसारखी. रात्री चटईवर मी माझा उपकार सांगायची: आज शेंगाची चटणी होती, आज पाटी फुटली नाही. मग तुझी पाळी यायची आणि तू म्हणायचीस, ‘पुढं.’ आपण दोघीच होतो. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, कारण दुसरं काय करायचं ते मला कळायचं नाही. तू पांढरी नाही पण फिकी लुगडी नेसायला लागलीस. हात मोकळे ठेवलेस. आपल्यात तसा काही नियम नव्हता, तू स्वतःच पूर्वी आवारातल्या विधवांना सांगायचीस की मेलेल्या माणसाचं उठणं ज्यांना मान्य आहे त्यांनी बांगड्या कशाला फोडायच्या. पण गावाचं वारं आवाराच्या भिंतीवरून आत यायचंच. आणि खरं सांगायचं तर ते वारं नव्हतं. तुलाच काही नको झालं होतं.

ईस्टर जवळ आला तेव्हा पाळकसाहेब आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसले. तू भाकरी थापत होतीस. त्यांनी आधी ज्वारीची चौकशी केली, मग सरपणाची, मग म्हणाले, बाई, पहिली ओळ तुम्हीच धरायची, दुसऱ्या कुणाला पेलणार नाही. तू भाकरी तव्यात टाकलीस, पाणी फिरवलंस, आणि म्हणालीस, “साहेब, दुसरं कुणी बघा. माझा गळा त्यांच्यासंगं गेला.” तू दिलेली भाकरी त्यांनी तिथेच बसून खाल्ली, हात धुतला आणि गेले. मला त्यांचा राग आला. एवढं मोठं माणूस, शास्त्र शिकलेलं, आणि भाकरी खाऊन निघून जातं.

मला राग यायला कारण होतं, आणि ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. दर वर्षी आपण अंधारात गात गात कबरस्थानात जायचो, कबरींपुढे उभं राहून उठण्याची गाणी म्हणायचो, आणि गाता गाता उजाडायचं. मला लहानपणापासून पक्कं वाटायचं की गाण्यामुळे उजाडतं. आणि मेलेली माणसं ज्या दिवशी उठतील, तीही गाण्यामुळेच उठतील. इतर माणसं इतरांच्या गाण्याने उठतील, पण बाबा तुझ्या गाण्याशिवाय उठायचे नाहीत. रोज सकाळी तरी ते कुठे उठायचे? तू चुलीपाशी गुणगुणायला लागलीस की मगच पांघरूण बाजूला करायचे. तेव्हा तू गायली नाहीस तर बाबा राहिले तिथेच. शुक्रवारी देवळातून येताना मी धीर करून तुला विचारलं, तू नाही गायलीस तर बाबांना कोण उठवणार? तू चालता चालता थांबलीस. म्हणालीस, “त्येंना उठवायचं काम माझं न्हाय.” मी म्हटलं, मग कुणाचं? तू परत चालायला लागलीस. मला वाटलं, तुलाही ठाऊक नाही.

शनिवारी दुपारी मणेरीण चाची आली. दर ईस्टरच्या आदल्या दिवशी ती आवारात यायची, डोक्यावर बांगड्यांची पाटी, तोंडात पान, आणि कडुलिंबाखाली बैठक मारायची. दिवाळीला वाडीवस्त्यांवर, ईदेला मोहल्ल्यात आणि ईस्टरला आपल्याकडे, असे तिचे सण ठरलेले. त्या वर्षी ती लेकीच्या बाळंतपणाला हद्दीपलीकडे गेली आणि रस्ते बंद झाल्याने तिकडेच अडकून पडली. नुकतीच परतली होती. बाबा गेल्याचं तिच्या कानावर आलं नव्हतं, आणि आवारातल्या बायकांपैकी प्रत्येकीला वाटलं की दुसरीने सांगितलं असेल. चाचीने पाटी उतरवली आणि तुला दारात उभी पाहून ओरडली, मास्तरणीबाई, पहिला हात तुमचा, दर सालासारखा, या. मास्तरला हिरवा रंग लागतो, मला म्हायती हाय.

तू गेलीस. का गेलीस ते मी तुला पुढे कधी विचारलं नाही. कदाचित नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते तुझ्या तोंडून निघत नव्हतं. तू तिच्यासमोर बसलीस, हात दिलास, आणि ती बडबडत, नातवाचं नाक कुणावर गेलंय ते सांगत, तुझ्या अंगठ्याखालचं हाड चेपून एकेक बांगडी चढवू लागली. बायका जमल्या होत्या पण कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. एक हात पूर्ण झाला. दुसरा निम्मा झाला. तेव्हा पाळकसाहेबांच्या बायकोने चाचीच्या कानाशी वाकून सांगितलं. चाचीचा हात जागच्या जागी थांबला. तिने तोंडातलं पान काढून बाजूला टाकलं, तुझा हात दोन्ही हातांत धरला आणि रडायला लागली. म्हणाली, मेरे कू माफ करो बाई, म्या आत्ता उतरवते, तेल लावून उतरवते, वाढू देत न्हाय एकपण. मीही घाबरले होते. सगळ्या बघत होत्या. मी तुझा पदर ओढून म्हटलं, आई, काढ ना, लोक बघतायत.

तू माझ्याकडे वळलीस. एवढ्या महिन्यांत तू माझ्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतंस. म्हणालीस, “तुझ्या बापाला हिरव्या बांगड्या आवडायच्या. त्या काय लोकांना इचारून आवडत न्हवत्या.” मग चाचीकडे हात परत पुढे केलास. “अर्धा हात ठिवू नगं. भर.” रडत रडत तिने राहिलेला हात भरला. हे बघायला आपण आलो कशाला अशा चेहऱ्याने काही बायका घरी गेल्या. काही तिथेच बसल्या आणि त्यांनीही हात पुढे केले.

त्या रात्री मी ऐकत पडले होते. तू कूस बदललीस की बांगड्या वाजायच्या. किती दिवसांनी घरात काहीतरी वाजत होतं. मला लगेच झोप लागली.

पहाटे दारावर कुणी टकटक केली नाही. आपली आपणच सगळी उठली, कडुलिंबाखाली जमली. तू आलीस, पण मागे उभी राहिलीस. पाळकसाहेबांनी हळू आवाजात सांगितलं की जमावाला बंदी आहे, तेव्हा गावातून जाताना गायचं नाही, कबरस्थानात पोचल्यावर गायचं, आणि तिथेही शेवटचं कडवं, ज्यात राजाचा जयजयकार आहे, ते या वर्षी सोडून द्यायचं. कोणता राजा असं कुणी विचारलं तर उत्तर देत बसायला नको. त्यांचं बरोबर होतं. तेव्हा राज्याविरुद्ध सत्याग्रह करणारे लोक पहाटे फेऱ्या काढायचे, गाणी म्हणायचे, आणि पकडले जायचे. तेव्हा आपण मुक्याने निघालो. पांढऱ्या कपड्यातली माणसं, हातात विझवलेल्या मेणबत्त्या, बोलणं नाही. आता आठवून मला हसू येतं; गात गेलो असतो तर कमी संशयास्पद दिसलो असतो.

वेशीपाशी कंदील घेतलेला निजामाचा एक जवान आडवा आला. तरणाच होता, दाढी नीट फुटलेली नव्हती, पण खांद्याला बंदूक होती. ठैरो, म्हणाला. अंधेरे में कां जारे सब? पाळकसाहेबांनी त्याला उर्दूत हुजूर म्हणून सांगितलं की कबरस्थानात. त्याने आवाज खाली केला, अदबीने विचारलं, कौन मरा? पाळकसाहेब म्हणाले, कुणी नाही. मग मय्यत कुठंय? मय्यत नाही. तो कबरस्तान कू कायकू? गाणं म्हणायला. जवान आळीपाळीने आपल्या सगळ्यांकडे बघत राहिला. त्याच्या जागी मी असते तरी आपल्याला सोडलं नसतं. त्याने कंदील उचलून एकेकाच्या तोंडावर धरला. तुझ्यापाशी आला, बांगड्या पाहिल्या, आणि विचारलं, तेरा मरद कौनसा इसमें? तू म्हणालीस, “यात न्हाय. तो फुडं हाय, कबरस्तानात.” जवान एक पाऊल मागे सरला. हे मी स्वतः पाहिलं.

मग त्याने बंदूक हातात घेतली. बागी लोक असेच पहाटे निघतात, गाण्याचं नाव सांगतात, हे त्याला पढवलेलं होतं. म्हणाला, गानेवाले हो ना, तो गाके बताओ. हमारे सामने. अब्भी.

कुणाचा आवाज निघेना. मी बघत होते बाबांच्या जागेकडे. फेरीत त्यांची जागा पुढे डावीकडे असायची, आणि सवयीने ती सगळ्यांनी मोकळी ठेवली होती. तिथून ‘अं’ आलं असतं तर गाणं उचलता आलं असतं. ते येणार नव्हतं. मला तेव्हा, त्या क्षणी, बाबा मेले म्हणजे काय ते कळलं. पुरलं त्या दिवशी कळलं नव्हतं.

आणि तू गायलीस.

आई, तू काय पट्टी धरलीस ती. सूर द्यायला कुणी नाही, इतक्या महिन्यांचा गंजलेला गळा, समोर बंदूक. तू आरंभच केलास तो जिथे गाणं संपताना जायला हवं तिथून. पहिली ओळ कशीतरी निभावली. मंडळीही भीतीने तुझ्यामागे तितक्याच उंच चढली. पण आपल्या त्या गाण्यात दुसऱ्या कडव्यात सूर अजून वर जातो, थडग्याचा धोंडा बाजूला सरतो तिथे, आणि सगळ्यांना दिसत होतं की आता काय होणार. मागे फिरता येत नव्हतं. धोंडा सरला तिथे पाळकसाहेबांचा आवाज कोंबड्यासारखा फुटला. बाकीचे एकेक करून गळाले. तू एकटीच वर राहिलीस, चिरकलेली, डोळे मिटलेली, आणि तरी सोडेनास. गावातली कुत्री भुंकायला लागली.

जवानाने बंदूक परत खांद्याला अडकवली आणि एक कान हाताने झाकला. म्हणाला, “बस करो, अम्मा. बागी लोगां इत्ता बुरा नै गाते.”

तू डोळे उघडलेस. तुझं हसू नेहमी नाकातून सुरू व्हायचं, आधी नुसता फुस्सकन आवाज, मग खांदे, मग तोंड. तसंच झालं. तू तोंडाला पदर लावलास पण बांगड्या हलत होत्या, वाजत होत्या. मग पाळकसाहेबांची बायको हसली, मग पाळकसाहेब, आणि मग सगळी मंडळी, वेशीत, बंदूकवाल्यापुढे. जवानाला कळेना की रागवावं की काय करावं, तोही हसला. आणि हसता हसता तुझे डोळे वाहायला लागले ते थांबेनात. जे नाताळच्या आधी यायला हवं होतं ते तेव्हा आलं. पण ते हसण्यातून आलं म्हणून आम्ही कुणी घाबरलो नाही.

जमावाला असं सोडता येणार नाही म्हणून तो जवान स्वतःच कंदील घेऊन आपल्यापुढे चालला. कबरस्थानाच्या भिंतीवर बसून राहिला. बाबांच्या कबरीला आदल्या दिवशी चुना दिलेला होता, अंधारातही ती उठून दिसत होती. तिथे तू गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलंस. त्याच पट्टीत. पाळकसाहेब हळूच म्हणाले, बाई, जरा खाली. तू ऐकलं नाहीस. शेवटचं राजाचं कडवंही सोडलं नाहीस, आणि जवान ते चालू असताना आपल्या जोड्यांची धूळ झटकत बसला. उजाडलं. मी कबरीकडे टक लावून बघत होते. चुना ओला होता, एक मुंगळा त्यावरून चालला होता, बाकी काही नाही. तू विचारलंस, काय बघतीस? मी म्हटलं, उठले न्हाईत. तू माझ्याशेजारी खाली बसलीस, नवं लुगडं मातीत टेकवून, जे तू मला कधी करू दिलं नसतंस.

“आज न्हाय,” म्हणालीस. “उठवणारा येगळा हाय. त्यो आधी सोता उठलाय, त्याला वाट म्हायती हाय. आपण निस्ता सूर लावून ठिवायचा. तुझं बाबा आलं की धरत्याल.”

मी म्हटलं, एवढ्या उंच पट्टीत? बाबा हसतील.

“हसू दे की,” म्हणालीस.

मी पुढे कॉलेजात शिकले, पुनरुत्थानावर मोठमोठ्या विद्वानांची व्याख्यानं ऐकली, स्वतःही बायकांच्या सभांत बोलले. याहून जास्त मला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्या पहिल्या ईस्टरला ज्या बायका सुगंधी मसाले घेऊन पहाटे निघाल्या, त्यांनाही वाटेभर एकच चिंता होती, थडग्यावरचा धोंडा कोण सरकवणार. निघताना त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तरी निघाल्या. तू बांगड्या भरून कडुलिंबाखाली आलीस तेव्हा तुझ्याकडे गळा नव्हता. तरी आलीस. मागे उभी राहिलीस, पण आलीस.

त्या सकाळी जवानाने आपल्या ओट्यावर बसून धपाटी खाल्ली आणि गुळाचा चहा दोनदा मागून घेतला. रात्री चटईवर तुझी पाळी आली. मी सवयीने तोंड उघडत होते, तेवढ्यात तू म्हणालीस, “आज माझा गळा फाटला, त्याबद्दल उपकार.” मग बाबांच्या पेटीबद्दल. मग नाक्यावरून परत आलेल्या त्या गाडीवानाबद्दल, कारण परतीच्या वाटेत बाबांचं डोकं त्याने आपल्या मांडीवर घेतलं होतं आणि बैल तू हाकले होतेस. हे मला तोवर माहीत नव्हतं. इतके महिने तू ते ‘पुढं’च्या मागे ठेवलं होतंस.

सगळं तिथे गोड झालं असं नाही. पावसाळा सरता सरता राज्य गेलं, आणि दिवस उलटे फिरले; आता भीती मुसलमानांच्या घरांत शिरली. एका संध्याकाळी चाची मागच्या दाराने आत आली, पाटी नाही, पान नाही, पायात काही नाही. तू तिला चुलीपुढे बसवलंस आणि फुंकणी हातात दिलीस. थोड्या वेळाने माणसं आली, हातात काठ्या. त्यांतले दोघं आपल्या शाळेत शिकलेले. तू दारात उभी राहिलीस, पिठाच्या हातांनी, त्याच हिरव्या बांगड्यांत, आणि शाळेतल्या भाषेत विचारलंस, “काय काम आहे?” एकाने विचारलं, आत कोण हाय? तू म्हणालीस, माझी बहीण आहे, भाकरी करते आहे. मग त्या दोघांकडे बघून म्हणालीस, “तुम्हाला हात धुवून बसायचं असेल तर बसा. नसेल तर काठ्या घेऊन माझ्या दारात उभं राहायचं नाही.” ती माणसं गेली. चाची आपल्याकडे नाताळपर्यंत राहिली, आणि मला हाड कसं चेपायचं ते त्याच दिवसांत तिने शिकवलं. त्या जवानाचं पुढे काय झालं ते मात्र कळलं नाही. तू जिवंत होतीस तोवर दर ईस्टरला प्रार्थनेत त्याचा उल्लेख करायचीस, ज्याला गाण्यातलं कळत होतं तो मुलगा, म्हणून.

तर उद्या पहाटे मी येते आहे. पाळकांना फोन करून सांगितलं, गाडी नको, चालत येईन, खोदलेल्या रस्त्यावर कुणीतरी हात धरा. ते म्हणाले, आजी, मग पहिली ओळ तुम्हीच धरा. बिचाऱ्यांना कल्पना नाही. तुम्हा दोघांच्या कबरींना मंडळीतल्या मुलांनी चुना दिला आहे, ह्यांच्याही. ह्यांना गाता येत नव्हतं. ते फेरीच्या शेवटी चहाची किटली घेऊन चालायचे आणि तेवढ्यावर खूश असायचे. उद्या किटली कुणाच्या हातात द्यायची ते अजून ठरवलेलं नाही. हे पत्र टाकायचं काही कारण नाही, उद्या मी तिथेच उभी असणार. पण एक गोष्ट तुझ्यासमोर उभं राहून मला बोलता यायची नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

कॉलेजात आम्हाला गाणं शिकवायला एक बाई होत्या. त्यांनी मला त्या गाण्याची बरोबर पट्टी दाखवली, पेटीवर बोट ठेवून. मला ती आली. सहज आली. पोरींच्या वह्यांत काना-मात्रेची चूक खपवून न घेणारी मी, पण हे गाणं घरात, चुलीपाशी, कबरस्थानात, जेव्हा जेव्हा म्हटलं तेव्हा तुझ्याच पट्टीत म्हटलं, आणि दर वेळी धोंड्यापाशी येऊन माझा गळा फुटला. ह्यांनी एकदा विचारलं, थोडं खालून का नाही घेत? मी म्हटलं, जमत नाही. जमत होतं, आई. पण बाबा आले की त्यांनी आवाजावरून घर ओळखायला नको का?